खाणीतला अवेळी बार

१

येसाजी मुकादमाला दगडांखालून काढलं तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत भाकरीचा तुकडा तसाच होता.

ही १९०६ सालची गोष्ट. चौक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, तलावाचा बांध घालायचं काम चाललं होतं. बांधाला लागणारा दगड शेजारच्याच खाणीतून निघे. इथले सुरुंग वातीनं नाही, विजेनं उडवत. कातळात भोकं पाडून दारू ठासायची, प्रत्येक भोकातून दोन तारा बाहेर काढायच्या, त्या एकमेकींना जोडत जोडत शेवटी एका लांब जाड तारेला जोडायच्या, आणि त्या जाड तारेची दुसरी टोकं दूर उंबराखाली ठेवलेल्या लाकडी पेटीला लावायची. पेटीची मूठ फिरवली की सगळे सुरुंग एका दमात उडत. मूठ नसली तर ती पेटी म्हणजे नुसता खोका. म्हणून मूठ कायम एकाच माणसाच्या कमरेला असायची. तो माणूस नवशा.

बार जेवणाच्या सुट्टीनंतर व्हायचा. शिट्टी वाजायची, लाल निशाण चढायचं, खाण रिकामी व्हायची. मग नवशा कड्यापाशी जाऊन तारा जोडायचा, उंबराखाली परत यायचा आणि पेटीला मूठ लावायचा. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही की निशाण चढलं नाही. माणसं झाडाझाडाखाली भाकऱ्या सोडून बसली होती आणि खाणीचा कडा उडाला. येसाजी रोज त्या कड्याच्या सावलीत, थंड कातळाला पाठ टेकून जेवायचा. जोवर तारा जोडलेल्या नाहीत तोवर ती जागा घरच्या ओटीसारखी निर्धास्त होती.

कोंडाजी ठोंबरे त्या वेळी कामावर नव्हता. तो पोशीरचा, वय तिशीच्या आतबाहेर, आणि या कामावरचा विजेचा मिस्त्री. पेटी, तारा, टेलिफोन हे सगळं त्याच्या हाताखाली. सकाळीच तो कर्जत स्टेशनावर नव्या डायनामोचं सामान उतरवून घ्यायला गेला होता. दिवस कलताना बैलगाड्या घेऊन परत आला, तर उंबराखाली नवशा बसलेला. हात पाठीशी बांधलेले आणि शेजारी खालापूरचा शिपाई.

"मिस्तरी," नवशा म्हणाला, "मूठ माज्या कमरंलाच व्हती. जेवताना बी सोडली नाय. मी पेटीला हात लावला नाय हो."

कोंडाजीला त्याच्याकडं बघवेना. नवशा स्वतःला सोडवायला बघत होता आणि बोलत होता ते सगळं त्याला अडकवणारं. मूठ जर त्याच्याच कमरेला होती, तर दुसऱ्या कुणाला बार उडवता येणंच शक्य नव्हतं.

२

खालापूरचे फौजदार दिघे हे सावकाश बोलणारे गृहस्थ होते. खाणीपासून अर्ध्या कोसावरच्या सामानाच्या कोठारात, बाकावर मांडी घालून, तळहातावर तंबाखू मळत त्यांनी कोंडाजीला समोर बसवलं.

"मिस्त्री, मला विजेतलं ओ का ठो कळत नाही. तुम्ही सांगा. मुठीवाचून पेटी चालते?"

"नाही."

"दुसरी मूठ आहे?"

"आहे. इथंच, कुलपात."

कोठारवाल्या पोपटनं पेटारा उघडून मूठ पुढं केली. तेलकट कागदात गुंडाळलेली, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर आलेल्या दिवसापासूनची लाख तशीच. ती मूठ कुणी वापरली नव्हती हे दिव्यासारखं स्वच्छ होतं.

"आता ती घंटीची गोष्ट सांग यांना," फौजदार पोपटला म्हणाले.

"मी हितंच भाकरी खात व्हतो," पोपट म्हणाला. "टेलिफोनची घंटी वाजली. रोजच्यासारखी लांब नाय, नुसतं टिण्ण केलं. मी उठून कानाला लावला, तर कुनी बोलंना. तेवढ्यात खाणीकडनं धडाड झालं. मला वाटलं, आज एवढ्या लौकर बार कसा? ऊन तर डोक्यावर व्हतं. डोंगराच्या पाठीमागं तेवढं काळं दिसत व्हतं."

"टेलिफोनचं दुसरं टोक कुठं असतं?"

"उंबराखालच्या खोपीत. पेटीच्या शेजारी."

फौजदारांनी तंबाखू तोंडात टाकली. "म्हणजे बघा. नवशानं आधी घंटी वाजवून बघितलं, कोठारातलं माणूस जागेवर आहे की खाणीकडं जायला निघालंय. पोपट जागेवर आहे म्हटल्यावर मूठ फिरवली. आणि येसाजीशी त्याचं वाकडं होतंच. गेल्या बाजाराच्या दिवशी येसाजी त्याच्या बायकोला टाकून बोलला, दोघं हातघाईवर आले. सगळ्यांनी पाहिलंय."

खिडकीपाशी ओव्हरसिअर गुप्ते बसले होते. सगळ्या बांधकामावर त्यांची देखरेख. हातातल्या चाकूनं ते पेन्सिलीला टोक काढत होते, त्यांच्या सवयीप्रमाणे लांबच लांब, निमुळतं. ते मान वर न करता म्हणाले, "कोंडाजी, तुझ्या हाताखालचा माणूस आहे, तुला वाईट वाटणारच. पण फौजदारसाहेब म्हणतात त्यात मला काही खोट दिसत नाही."

गुप्त्यांपुढं कोंडाजी कधी उलट बोललाच नव्हता. रेल्वेच्या कडेनं तारेचे खांब वाहणारा एक पोरगा होता तो. गुप्ते तेव्हा तारखात्यात होते. त्यांनी त्याला खांबाखालून उचलून हातात पक्कड दिली, तारेचं आवरण सोलायचं कसं इथपासून शिकवलं, इंग्रजी अक्षरं लावायला शिकवलं आणि या कामावर येताना बरोबर आणलं. मुंबईत आता गिरण्यांच्या नव्या इमारती विजेच्या दिव्यांनी उजळायच्या होत्या. तिथल्या एका बांधकामावर विजेच्या कामाचा सुपरवायझर म्हणून कोंडाजीसाठी गुप्त्यांनीच शब्द टाकला होता.

"उद्या इंजिनीअरसाहेब येऊन एकच विचारतील," फौजदार म्हणाले. "तुमच्या सामानात काही दोष होता का. दोष नव्हता म्हणालात, तर नवशा कर्जतच्या कोर्टात उभा राहील. होता म्हणालात, तर साहेब तुम्हाला काढून टाकतील. मी सकाळपर्यंत इथंच आहे. विचार करून सांगा."

३

सकाळी कोंडाजी आधी सुंदराकडं गेला. नवशाची बायको. ती खाणीवर पाट्या वाहायची. खोपटाच्या दाराशी ती नुसती बसून होती, चूल पेटवलेली नव्हती.

"तुम्ही दोघं कुठं जेवत होता?"

"ओढ्याच्या कडंला. पेटीपासनं लांब. पन मला कोन इचारतंय? फौजदार म्हनला, बायकू नवऱ्याचंच सांगनार."

"बार झाला तेव्हा काय ऐकलंस?"

"दोन आवाज. आदी खाणीतला बार, कानठळ्या बसल्या. मग जरा येळानं वर डोंगरात दुसरा, घुमल्यावानी. मानसं म्हनली, बाराचाच पडसाद हाय. पन मिस्तरी, आमी रोज बार ऐकतो. पडसाद तसा नसतो."

कोंडाजीनं हे फौजदारांना जाऊन सांगितलं. फौजदारांनी मान हलवली. "कालपासून आणखी एकजण दोन आवाजांचं सांगतेय. ती बघा बाहेर."

कोठाराबाहेर लाकडाची मोळी टेकवून एक ठाकर बाई उभी होती. चिंधी तिचं नाव. वरच्या माळावर तिची वाडी. दगडाच्या ट्रॉल्या वर ओढायला माळाच्या टोकाशी एक लोखंडी रहाट रोवला होता. तिथून खाणीपर्यंत ट्रॉलीचे रूळ सरळ उतरत. चिंधी त्या रहाटाच्या आसपास कंद खणायला जायची.

"सांग गं, काय ऐकलंस?"

"वरती मोठा आवाज झाला," चिंधी म्हणाली. "माजी शेरडं चौखूर उधळली. मी खाली वाकून खणत व्हते, दिसलं काय नाय. मंग मागनं खालचा बार ऐकू आला, बारीक."

"आधी वरचा?"

"आदी वरचा. मंग खालचा."

"नीट आठव. आधी खालचा बार, मग वर पडसाद, असं नाही?"

"मी शेरडांमागं धावले, तवा खालचा झाला," चिंधी शांतपणे म्हणाली. "शेरडं का उगाच उधळतील?"

ती मोळी उचलून गेली. फौजदार हसले. "ही म्हणते आधी वरचा, ती म्हणते आधी खालचा. दोघींतली एक खोटं बोलतेय, मिस्त्री. आणि जिचा नवरा अडकलाय ती कोण, हे मी सांगायला नको."

कोंडाजी तिथंच उभा राहिला. चिंधीचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. ती कशाला खोटं बोलेल? आणि सुंदराला खोटंच बोलायचं असतं, तर नवऱ्याच्या काही कामाचं बोलली असती. दोन आवाजांची उलटसुलट रचून तिला काय मिळणार होतं?

मग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं. हाक मारायच्या आधी पडसाद कधीच येत नाही. चिंधीनं वरचा आवाज आधी ऐकला असेल, तर तो पडसाद नव्हताच. वर आणखी काहीतरी झालं होतं.

४

रुळांच्या कडेनं कोंडाजी डोंगर चढला. उन्हं अजून कोवळी होती. खाली चौकच्या शेतांत भात पिवळं पडलं होतं. अर्ध्या वाटेवर तो दम घ्यायला थांबला, आणि बसल्या बसल्या त्याला दोन्ही बायकांचं खरं दिसायला लागलं.

समजा, एक आवाज वर झाला आणि एक खाली, दोन्ही एकाच क्षणी. आवाजाला वाट चालायला वेळ लागतो. वर असलेल्या चिंधीला वरचा आधी ऐकू येणार, खालचा चढून यायला उशीर. खाली असलेल्या सुंदराला खालचा आधी, वरचा मागून. ज्याला जो जवळ, त्याला तो आधी. दोघीही खरं बोलत होत्या, आणि दोघींचं खरं एकत्र ठेवलं तर निघत होतं ते एवढंच, की डोंगरावर आणि खाणीत एकाच वेळी काहीतरी फुटलं. अर्ध्या कोसाच्या अंतरावर, एकाच वेळी.

माणसाच्या हातून हे होणारं नव्हतं. तो उरलेला चढ जवळजवळ पळतच चढला.

रहाटाचा लोखंडी खांब उभाच होता, पण त्याला तोलून धरणारा लाकडी टेकू वरपासून खालपर्यंत उभा फाटला होता. आतलं लाकूड ताजं, पांढरं. खांबाच्या बुडाशी गवत करपून काळी रांगोळी झाली होती, आणि ती काळी रेघ रुळाच्या टोकाशी जाऊन संपत होती.

वीज पडली होती. परतीच्या पावसाच्या दिवसांत डोंगराआडून एखादी कोरडी वीज अशी येते, थेंब पडत नाही, खाली ऊन असतं आणि छिन्न्या-गाड्यांच्या गोंगाटात कुणाचं लक्षही जात नाही.

खाली उतरून कोंडाजी उंबराच्या खोपीत गेला आणि टेलिफोनची पेटी उघडली. आत पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ, पण न टेकता बसवलेल्या असतात. तारेवर वीज उतरली तर तिनं त्या फटीतून उडी मारून जमिनीत जावं, यंत्र वाचावं, म्हणून. तारखात्यात असताना दर पावसाळ्यानंतर अशा पट्ट्या घासणं हेच त्याचं काम होतं. या पट्ट्या काजळीनं काळ्या झाल्या होत्या आणि एकीच्या कडेवर वितळलेल्या पितळेचा मोहरीएवढा मणी होता. पोपटच्या टेलिफोननं टिण्ण केलं होतं ते याच विजेनं. नवशानं घंटी वाजवलीच नव्हती. बार मागून ऐकू आला तो खाणीतला आवाज कोठारापर्यंत पोचायला वेळ लागला म्हणून.

पेटीशेजारी, जाड तारेची दोन टोकं काल होती तशीच पडली होती. त्यांतलं एक ट्रॉलीच्या रुळावर आणि दुसरं ओल्या चिखलात. वीज रहाटावर पडली, रुळांतून खाली आली, रुळावरच्या टोकातून तारेत शिरली, सुरुंगांतून फिरली आणि दुसऱ्या टोकानं चिखलात गेली. मुठीची, पेटीची गरजच पडली नाही.

नवशा सुटला! कोंडाजी फौजदारांकडं धावायलाच निघाला होता, पण चार पावलांवर थांबला.

सुरुंगांतून वीज फिरायची तर सुरुंग तारेला जोडलेले हवेत. ते जोडायचे शिट्टीनंतर, खाण रिकामी झाल्यावर. नवशा तर कड्यापाशी गेलाच नव्हता. मग जेवणाच्या आधीच कुणीतरी तारा जोडून ठेवल्या होत्या. तेवढ्या एका गोष्टीनं येसाजी मेला होता.

तो खाणीखालच्या ओढ्यात उतरला. बारानं उडालेला चुरा तिथं येऊन पडे. बराच वेळ दगड उलथेपालथे केल्यावर त्याला हवं ते सापडलं. वीतभर तार, टोकाशी दुसऱ्या बारीक तारेला पीळ देऊन जोडलेली. पीळ शाबूत होता.

त्यानं ती उन्हात धरली. नवशा तारेचं आवरण दातांनी ओरबाडून काढायचा. कोंडाजीनं कितीदा रागावूनही त्याची ती सवय गेली नव्हती. या तारेचं आवरण मात्र चाकूनं तासलेलं होतं. लांबच लांब, निमुळतं, पेन्सिलीला टोक काढावं तसं.

या कामावर तार अशी सोलणारी माणसं दोनच. एक तो स्वतः, आणि तो काल कर्जतला होता. दुसरा, ज्यानं त्याला हे शिकवलं.

५

गुप्ते आपल्या खोलीत बांधाचा नकाशा पसरून बसले होते. कोंडाजीनं तारेचा तुकडा नकाशावर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला.

गुप्त्यांनी तो उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला.

"कुठं सापडला?"

"ओढ्यात."

"माझाच आहे," ते म्हणाले. "इंजिनीअरसाहेब काल दुपारीच येणार होते. जेवण झाल्या झाल्या त्यांना बार दाखवायचा होता. नवशाचं काम म्हणजे मुंगीच्या चालीनं. म्हटलं, मी जोडून ठेवतो, तेवढा वेळ वाचेल. माणसं भाकऱ्या आणायला पांगली, कड्यापाशी कुणी नव्हतं, तेव्हा मी जोडल्या. पेटीला तार लावलेली नव्हती, मूठ नवशाच्या कमरेला. यात धोका तो कसला, कोंडाजी?"

कोंडाजीनं मग सगळं सांगितलं. रहाटाचा फाटलेला टेकू, करपलेलं गवत, टेलिफोनमधला मणी, दोन बायकांचे दोन आवाज. गुप्ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. तेही तारखात्यातले. त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

"मला खरंच वाटलं होतं की नवशानंच केलं," ते हळू म्हणाले. "देवाशपथ. मी तारा जोडल्या नसत्या तर तो गेला असता आणि त्यानं जोडल्या असत्या, एवढाच फरक, असं मी मनाला सांगत होतो."

"मग फौजदारांना का नाही बोललात?"

गुप्ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मला कुणी विचारलं नाही."

बाहेर पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज सुरू झाला होता. काम थांबलेलं नव्हतं, फक्त कड्याची बाजू सोडली होती.

"तू हे सांगितलंस की माझी नोकरी जाणार," गुप्ते म्हणाले. "कदाचित कोर्टही होईल. आणि तुझं मुंबईचं काम माझ्या शब्दावर आहे. मी धमकी देत नाहीये, कोंडाजी. आहे हे असं आहे."

हाच माणूस कोंडाजीच्या लग्नात पोशीरला आला होता आणि पंगतीत त्याच्या बापाच्या शेजारी बसला होता.

"साहेब, तुम्ही चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मी एकट्यानं जाऊन सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलंत तर साक्ष होईल."

कोंडाजी दारात थोडा वेळ थांबला. गुप्ते उठले नाहीत. मग तो तारेचा तुकडा घेऊन एकटाच बाहेर पडला.

६

फौजदार दिघ्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मध्येच ते उठून टेलिफोनमधला पितळी मणी बघून आले, शिपायाला डोंगरावर धाडून फाटक्या टेकूचीही खात्री करून घेतली. चिंधीला आणि सुंदराला त्यांनी समोरासमोर उभं करून पुन्हा विचारलं. दोघींनी सकाळचंच सांगितलं, आणि या खेपेला फौजदार हसले नाहीत.

"पटलं मला," ते म्हणाले. "वीज आभाळातून आली, त्याला माणूस जबाबदार नाही. पण तारा आभाळानं जोडल्या नाहीत. त्या कुणी जोडल्या?"

कोंडाजीच्या हातात तो तुकडा होता. तो त्यानं बाकावर ठेवला.

"गुप्तेसाहेबांनी."

हे बोलून झाल्यावर त्याला दाराशी पावलं वाजलेली ऐकू आली. गुप्ते उभे होते. डोक्याला पगडी, अंगात बाहेर जायचा कोट. म्हणजे ते तयारी करूनच आले होते, फक्त थोडे मागून.

"बरोबर सांगितलं त्यानं," गुप्ते म्हणाले. "माझा जबाब लिहून घ्या, फौजदारसाहेब. आणि आधी त्या नवशाचे हात सोडा."

नवशाचे हात सोडले तेव्हा त्याची मनगटं सुजली होती. सुंदरा ओढ्यावरून पाणी घेऊन आली आणि ती मनगटं धूत बसली. कोंडाजीनं त्याला मूठ परत द्यायला पुढं केली, तर तो दोन पावलं मागं सरला.

"मला पाट्या वाहू द्या मिस्तरी. नायतर तारंचे खांब रोवायला द्या. ती पेटी नको."

"बरं," कोंडाजी म्हणाला. "खांब रोवायला चल."

इंजिनीअरसाहेब दुपारी घोड्यावरून आले. त्यांनी कोंडाजीला सामानाबद्दल विचारलं. कोंडाजीनं सांगितलं की सामानात दोष नव्हता, ते वापरण्यात होता. वीज पडेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्याही नाही. साहेबांनी रहाट पाहिला, रूळ पाहिले आणि जाताना एवढंच ठरवून गेले की यापुढं या कामावरची कुठलीही तार कोंडाजीच्या परवानगीवाचून कुणी जोडायची नाही, मग तो ओव्हरसिअर असो की खुद्द साहेब. डायनामो बसवायचं, दिवे लावायचं, सगळं काम त्यानंच बघायचं. पगारही वाढला. मुंबईचं काम मात्र त्या साली हातचं गेलं. गुप्त्यांच्या शब्दाला आता मोल उरलं नव्हतं. गिरण्यांचे दिवे त्यानं लावले, पण ते पुढं कैक वर्षांनी, इथल्या बांधावर लावलेल्या दिव्यांच्या नावावर.

जबाबावर सही करायला गुप्त्यांना खालापूरला जायचं होतं. निघताना ते कोंडाजीला म्हणाले, "येसाजीच्या घरी आधी जातो. तू येतोस का? मला ते घर माहीत नाही."

येसाजीचं घर चौक गावात, रस्त्यापासून आत होतं. त्याची बायको भागूबाई ओटीवर बसली होती, भोवती शेजारच्या बायका. कोंडाजीला बघून तिनं पदर सारखा केला.

"मिस्तरी, नवशाला सोडला म्हनं. मंग माज्या मानसाला मारलं कुनी?"

कोंडाजीला बोलायची वेळ आली नाही.

"डोंगरावर वीज पडली, बाई, ती तारेतून खाणीत आली," गुप्ते म्हणाले. "पण तारा वेळेआधी जोडल्या होत्या, म्हणून ती सुरुंगापर्यंत पोचली. त्या मी जोडल्या. येसाजी तिथं जेवतो हे मला ठाऊक नव्हतं."

भागूबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. जणू हा माणूस तिला पहिल्यांदाच दिसत होता. आवाज चढवला नाही तिनं.

"आख्ख्या खाणीला ठावं व्हतं, तो तिथं बसतो ते. पाट्या वाहनाऱ्या पोरींना ठावं व्हतं. तुमी कुनाला इचारलंत का?"

"नाही," गुप्ते म्हणाले.

"इचारायचं व्हतं."

एवढंच बोलून ती आत गेली. शेजारणींपैकी कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ओटीच्या कडेला ठेवला. दोघं पाणी न पिताच बाहेर पडले.

गावाबाहेर वाट फुटते. एक खालापूरकडं, एक डोंगराकडं. कापणीला आलेल्या भाताच्या कडेनं दोघं तिथवर चालत आले. फाट्यावर गुप्ते थांबले. काहीतरी सांगायचं त्यांच्या मनात होतं असं कोंडाजीला वाटलं, पण ते म्हणाले एवढंच, "डायनामोचा पट्टा चार दिवसांनी पुन्हा ताणून घे. नवा आहे, सैल पडेल."

"होय, साहेब."

गुप्ते खालापूरच्या वाटेला लागले. त्यांचा कोट भातापलीकडं दिसेनासा होईपर्यंत कोंडाजी उभा राहिला. मग तो डोंगराकडं वळला. वर नवशा खांबांसाठी खड्डे खणत थांबला होता, आणि पहिला खांब कुठं रोवायचा हे त्याला दाखवायचं होतं.